मशीनवाल्या बाईंची गाडी

"हिचा दांडा कुठे गेला?"

ओळख ना पाळख, आणि शेडच्या दारात पाऊस चुकवायला उभ्या राहिलेल्या माणसाचं हे पहिलं वाक्य. ती तेव्हा मोटारसायकलवरची चादर झटकत होती. हात तसाच हवेत राहिला.

सकाळपासून तिनं त्याला खिडकीतून पाहिलं होतं. शेजाऱ्यांच्या कुंपणाची मोजणी चालली होती. एका हातात फीत, दुसऱ्या हातात काठी, आणि उजवा पाय जरा फेकत टाकायची चाल. मग रिपरिपीचा धो धो झाला, शेजारी आपापल्या घरात पळाले आणि मोजणीवाला कागदांची फाइल शर्टात कोंबून समोर दिसलेल्या पत्र्याखाली आला.

"कसला दांडा?" ती म्हणाली. कसला ते तिला पक्कं ठाऊक होतं.

"इथे... टाकीच्या उजव्या अंगाला. लांब लोखंडी दांडा, वर लाकडी मूठ. हातानं गिअर टाकायच्या बाई." तो वाकून पाहू लागला. "भोकं आहेत अजून. मशीनवाल्या बाईंचीच ना ही गाडी?"

"माझी आई."

"अस्सं! कशा आहेत?"

"गेली. आठ महिने झाले."

 टाकीवर टेकलेला ओला हात त्यानं उचलला आणि रुमालानं तिथलं पाणी टिपलं.

आई घरोघर जाऊन शिलाई मशिनी दुरुस्त करायची. वयाच्या तिसऱ्या वर्षी तापात तिचा उजवा पाय गेला तो गेलाच. तरीही तिनं, तेव्हाच जुनी म्हणण्यासारखी झालेली ही मोटारसायकल घेतली. गिअर नेमका उजव्या पायात. तेव्हा मोडीत निघालेल्या एका पायमशीनचा, पायाखालच्या पट्टीपासून चाकापर्यंत जाणारा दांडा तिनं काढला, हातमशीनची लाकडी मूठ त्याच्या टोकाला बसवली आणि पायाचं काम हाताकडे दिलं. किक मारायला ती गाडीच्या उजवीकडे खाली उभी राहायची, अंगाचा भार सीटवर टाकायची आणि डाव्या पायानं मारायची. रस्त्यातले लोक आधी हसले, मग त्यांना सवय झाली, आणि मग मशीन अडलं की ते त्याच आवाजाची वाट बघू लागले.

विकायला काढल्यापासून तीन शौकीन येऊन गेले होते. तिघांनीही गाडी वाखाणली आणि दांड्यापाशी येऊन नाक मुरडलं. एकानं तर "शिलाई मशीन जोडलंय की काय!" म्हणून स्वतःच्याच विनोदावर खोकला येईपर्यंत हसून घेतलं. चौथ्यानं फोनवरच सांगितलं, गाडी मूळ रूपात आणा, घासाघीस न करता उचलतो. म्हणून तिनं पंधरा दिवसांपूर्वी फिटरकाकांकडून दांडा काढून घेतला आणि जुना पायगिअर परत बसवला. काका काम करताना तिच्याकडे बघत नव्हते. दांडा आता आईच्या हत्यारांच्या पेटीत होता, उशीच्या अभ्र्यात गुंडाळून. शनिवारी तो चौथा गाडी न्यायला येणार होता.

"तुम्हाला कसं आठवतं एवढं?" तिनं विचारलं.

"माझी आई शिवणकाम करायची. बाई आल्या की मी खाऊ बिऊ सोडून गाडीपाशी. त्या गेल्यावर खुर्ची उलटी करून बसायचो आणि छत्रीनं गिअर टाकायचो." तो हसला. "तेव्हा हौस म्हणून. आता गरज आहे."

त्यानं काठीनं उजव्या बुटावर टकटक केलं.

"दोन वर्षांपूर्वी उतारावरून घसरलो. घोट्यात आता हाडापेक्षा स्क्रू जास्त. पाऊल वरखाली होत नाही, म्हणून मला ऑफिसात बसवलंय. दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनींचे नकाशे रंगवतो. असं कुंपणाचं भांडण असलं की तेवढं बाहेर सोडतात."

"मग स्कूटर घ्यायची."

"मी जातो तिथे स्कूटर रुतते. मीही रुततो, पण मला ओढून काढता येतं." जरा थांबून त्यानं विचारलं, "दांडा... आहे?"

"आहे."

"मग मी गाडी बघू? घ्यायची म्हणून बघतो. नीट बघेन. वेळ लागेल."

"शनिवारी एक जण येतोय."

"मग मी शुक्रवारी येतो," तो म्हणाला, जणू वारांचा तेवढाच उपयोग असतो.

*

शुक्रवारी तो आला तो एक वही, एक टॉर्च आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन. आल्या आल्या त्यानं इंजिनावर पालथा हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

"ताप बघताय?"

"गार आहे. चांगलं आहे. विकणारे आधीच गरम करून ठेवतात, म्हणजे पहिल्या किकेचा त्रास दिसत नाही."

"मी तशी विकणारी वाटत नाही वाटतं."

"तुम्ही विकणारीच वाटत नाही," तो म्हणाला आणि पुढचं चाक हलवू लागला.

 पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेडमध्ये तेलाचा आणि ओल्या पोत्यांचा वास होता. हा वास आईच्या साडीला यायचा, परीटघडीच्या साडीलासुद्धा. आठ महिन्यांत कपाटातल्या साड्यांमधून तो निघून गेला होता. शेडमध्ये अजून होता.

त्यानं चुंबक मडगार्डवरून फिरवलं. कुठे पुट्टी भरून वर रंग मारला असेल तर चुंबक सुटतं, हे त्यानं न विचारता सांगितलं. ते कुठेच सुटलं नाही. टाकीचं झाकण काढून टॉर्चनं आत गंज पाहिला, इंजिनावरचा आणि सांगाड्यावरचा नंबर कागदांशी ताडून पाहिला, चेन बोटानं उचलून पाहिली. मग पोतं अंथरून सरळ गाडीखाली आडवा झाला. बाहेर राहिले ते दोन पाय. एक सैल पडलेला, एक ताठ.

"वाचनालयात तुम्ही पुस्तकं अशीच तपासता?" गाडीखालून आवाज आला. ती वाचनालयात काम करते हे तिनं त्याला सांगितलं नव्हतं. कुंपणवाल्या शेजाऱ्यांकडे चौकशी झालेली दिसत होती.

"परत आलेली तपासते. कोपरे दुमडलेत का, चहा सांडलाय का."

"आणि माझ्यासारखं एखादं परत आलं तर? कोपरा मोडलेलं?"

"बांधणीला पाठवू. पानं सगळी आहेत ना?"

"आहेत." जरा वेळानं, "कुणी उघडलेली नाहीत, एवढंच."

गाडीखालच्या माणसाला आपला चेहरा दिसत नाही याचं तिला फार बरं वाटलं.

तेवढ्यात मावशी चहा घेऊन आली. आईची ही धाकटी बहीण आईच्या आजारपणात राहायला आली ती परत गेलीच नव्हती. तिनं दोन पायांकडे पाहिलं, वहीतल्या रकान्यांकडे पाहिलं.

"अगं ठकू, माझ्या गुडघ्यांना डॉक्टरनं एवढं तपासलं असतं तर मी आज पळत असते." मग पायांना उद्देशून, "अहो साहेब, चहा गार होतोय. त्यालाही चुंबक लावायचं असेल तर लावून घ्या."

तो बाहेर आला, तोंडाला ग्रीस. मावशी आत गेल्यावर तिनं पेटी उघडली आणि अभ्रा सोडला. लाकडी मूठ आईच्या तळहातानं काळी तुळतुळीत झाली होती. त्यानं दांडा दोन्ही हातांनी घेतला.

"दोन बोल्टांवर निघतो की हा. किती सोपं केलंय."

"ती म्हणायची, जे रस्त्यात खोलता येत नाही ते करू नये."

त्यानं पायगिअर काढून दांड्याचे बोल्ट लावले, तिनं टॉर्च धरला. दांडा बसला, पण हलवला की खडखडायला लागला. त्यानं बोल्ट आवळले, पुन्हा खडखड.

"थांबा," ती म्हणाली. "इथे चामड्याची चकती लागते. मशीनच्या पट्ट्यातली कापायची ती. नाहीतर दांडा तिसऱ्या गिअरला आवाज करतो."

त्यानं मान वर केली. "तुम्हाला चालवता येते?"

"नाही. मी मागे बसायचे." एवढं सांगून ती थांबणार होती, पण सांगत गेली. "गाल तिच्या पाठीला लावून. गिअर बदलला की खांद्याचं हाड गालाखाली हलायचं. पहिला, दुसरा, तिसरा... मी डोळे मिटून सांगायचे."

पेटीत पट्ट्याचा तुकडा सापडला. तिनं स्वतः चकती कापली. खडखड थांबली.

संध्याकाळी तिनं त्या चौथ्याला फोन केला. "गाडी मूळ रूपात नाहीये," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "म्हणजे, आहे. पण तुम्हाला हवी तशी नाहीये." पलीकडून फोन आपटल्याचा आवाज आला.

*

रविवारी पावसानं उघडीप दिली, पण आभाळ भांड्यावरच्या झाकणासारखं बसलेलं होतं. तो गाडीच्या उजवीकडे खाली उभा राहिला आणि डाव्या पायानं किक मारली. पहिली, दुसरी... तिसऱ्या किकेला गाडी बोलली.

मावशी खिडकीजवळच्या ओट्यापाशी होती. तिनं नळ सोडला आणि धुवायला काही नसताना तो सोडलेलाच ठेवला.

त्यानं गल्लीच्या चार फेऱ्या मारल्या. ती फाटकापाशी उभी राहिली. आवाज वळणावर लहान व्हायचा, पुन्हा मोठा व्हायचा, आणि प्रत्येक वेळी तिचा हात फाटकाच्या कडीवर जायचा, आई आली, दार उघडायला हवं, अशा सवयीनं. चौथ्या फेरीनंतर त्यानं गाडी बंद केली. खिशातून फीत काढली, दांडा मोजला, वहीत लिहिलं. लिहिलेल्याकडे बराच वेळ पाहिलं आणि वही मिटली.

"गाडी ठणठणीत आहे. मागच्या चाकाचं बेअरिंग बदला, बाकी कशाला हात लावायला नको. आणि विकताना कुणी काहीही म्हणो, दांडा काढू नका."

"विकताना?" ती म्हणाली. "म्हणजे... तुम्ही?"

"मला नाही जमायचं."

"काय नाही जमायचं?"

तो काठी उचलून उभा राहिला. काहीतरी बोलेल असं वाटलं. "चहा छान होता त्या दिवशी," तो म्हणाला आणि गेला.

त्या रात्री तिनं गाडीवर चादर टाकली नाही. सोमवारी पुन्हा पाऊस लागला. वाचनालयात तिनं एकच पुस्तक दोनदा नोंदवलं. मंगळवारी शेजाऱ्यांचं कुंपण पुरं झालं, तिकडे आता कुणी यायचं कारण उरलं नाही. एवढा राग कशाचा येतोय हे तिला कळेना. गाडीला गिऱ्हाइक आलं, गेलं. आधीही तीन जण गेलेच होते की.

"तुझी फूटपट्टी आली नाही गं," बुधवारी मावशी म्हणाली.

"त्यांना जमत नाही म्हणाले."

"आणि तू ऐकून घेतलंस." मावशीनं हातातली घडी खाली ठेवली. "अगं, वाकत होता तो. प्रत्येक गिअरला असा वाकायचा, जसं काही खिशातलं पेन खाली पडलंय. ताई होती केवढीशी, माझ्या खांद्याला लागायची. दांडा तिच्या हाताला बेतलेला. हा एवढा ताडमाड. चार बोटं तरी कमी पडतो त्याला."

ती शेडमध्ये गेली. गाडीवर बसली. आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या सीटवर. हात सोडला तो न शोधता मुठीवर गेला, न वाकता, न ताणता. आईच्याच मापाची होती ती. हे तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कधी पाहिलं नव्हतं.

शेवटच्या महिन्यात आई एकदा म्हणाली होती, "एकदा मागे बसव मला. तू चालव."

"मला कुठे येते?"

"शिकवते की."

"पाऊस थांबू दे," ती म्हणाली होती. पाऊस पुढे थांबलाही, पण तोवर आईला उशीवरून मान उचलवेना.

 ती गाडीवरून उतरली आणि पेटीतून आईची शिंप्याची फीत काढली.

*

मोजणीचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं. नकाशांची भेंडोळी, दमट कागदांचा वास, खिडकीखाली गळतीसाठी ठेवलेली बादली. सहा टेबलं, सहा माना वर झाल्या. तो कोपऱ्यातल्या टेबलावर हिरव्या पेन्सिलीनं कुणाचं तरी शेत भरत होता.

"उभे राहा," ती म्हणाली. "हात पुढे करा."

"इथे?"

"मग काय वाचनालयात? तिथे बोलायला मनाई आहे."

तो उभा राहिला. तिनं फितीचं एक टोक त्याच्या खांद्याच्या हाडावर धरलं, तिथपर्यंत पोचायला तिला टाचा उचलाव्या लागल्या, आणि दुसरं मिटलेल्या मुठीपर्यंत नेलं. शर्टाला रबराचा आणि पेन्सिलीच्या भुशाचा वास होता. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ उगाच खाकरले.

"तुम्ही दांडा कापणार?" तो हळूच म्हणाला. "नका कापू."

"आईचा तसाच राहील. कपाटामागे आणखी एक मोडकं पायमशीन आहे, फिटरकाका त्याचा दुसरा करून देतायत. मूठ मात्र तीच. ती फिरवून निघते." तिनं आकडा हातावर लिहून घेतला. "हे विचारायला तोंड नव्हतं?"

"होतं. रविवारी विचारणारच होतो. मग वाटलं... माणूस गेलंय, आणि आपण म्हणायचं की त्याच्या हाताचं माप आपल्याला आखूड होतं..."

"म्हणून चहा छान होता."

तो ओशाळला. कानापर्यंत.

"वही दाखवा."

"ती नको."

"दाखवा."

त्यानं खणातून वही काढली. चाक, चेन, टाकी, बेअरिंग... एकेक ओळ, शेजारी बारीक अक्षरात शेरा. सर्वांत खाली दांड्याची लांबी, आणि तिच्याखाली दोन शब्द, दोनदा गिरवलेले. 'विचारायचं नाही.'

"दांड्याचं?"

"त्यात दोन गोष्टी होत्या. एक दांड्याची."

"आणि दुसरी?"

खिडकीखालच्या बादलीत थेंब पडला. सहाही टेबलांवरच्या पेन्सिली थांबल्या होत्या. तो फितीच्या लोंबत्या टोकाशी चाळा करत राहिला, जसं काही तिथे आकडे नीट छापलेले नाहीत.

"दुसरी अशी की... गाडी मी नेली तर तुम्हाला तिला बघायला यावंसं वाटेल. तर रोज याल का..."

"रोज नाही जमणार."

"नाही?"

"बुधवारी वाचनालय उशिरा सुटतं," ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही या."

शेजारचे गृहस्थ पुन्हा खाकरले, पण यावेळी ते हसू दाबायला.

*

नवा दांडा चार बोटं लांब झाला. फिटरकाकांनी तो बसवताना या खेपेला तिच्याकडे बघून मान हलवली. मावशीनं फाटक उघडून धरलं आणि निघताना तिच्या खांद्याला एक पिशवी अडकवली. "असू दे," एवढंच म्हणाली.

ती मागे बसली. आठ महिन्यांत नव्हे, कितीतरी वर्षांत पहिल्यांदा. गल्ली संपेपर्यंत ती ताठ बसून होती. मोठा रस्ता लागला तसा तिनं गाल त्याच्या पाठीला टेकवला आणि डोळे मिटले. पहिला. खांदा हलला, पण भलत्याच ठिकाणी, गालाच्या बराच वर, आणि आईपेक्षा संथ. दुसरा. ही आईची पाठ नव्हती, डोळे कितीही घट्ट मिटले तरी. तिचा शर्टावरचा गाल ओला झाला. तिसरा.

"खडखड होतेय का?" त्यानं ओरडून विचारलं.

"नाही."

"रडताय?"

"गाडी चालवा."

त्यानं चालवली. गावाबाहेर, रस्ता रुंद होऊन जिथे कुणीच नव्हतं, तिथे गाडी कडेला घेऊन थांबवली. आभाळ खाली आलं होतं. तिनं पिशवी सोडली. आत उशीचा अभ्रा होता आणि अभ्र्यात जुना दांडा. मावशीनं दोन बोल्टांचा पानाही ठेवला होता.

त्यानं आधी दांड्याकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, खांद्यापासून मुठीपर्यंत. मोजणीवाल्याला फीत लागली नाही. तो खाली बसला, नवा दांडा काढला, आखूड लावला आणि लाकडी मूठ त्याच्यावर फिरवून घट्ट केली.

"पुढे बसा," तो म्हणाला. "शिकवतो."

पहिला थेंब टाकीवर पडला, मग दुसरा.

"पाऊस येतोय," तो म्हणाला.

तिनं मूठ धरली.

"येऊ दे."